हातावरचा वार

कडेगावच्या मानसिंगला टीव्हीवरच्या तलवारबाजीचा जेवढा राग यायचा, तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नसे. संध्याकाळी सातला ती ऐतिहासिक मालिका लागली की हा पठ्ठ्या खुर्ची ओढून अगदी पडद्यापाशी बसणार आणि संपेपर्यंत शिव्या घालणार.

"बघ, बघ! धारेवर धार आपटतोय. चार वारांत तलवारीची करवत व्हईल की! आन् ही गिरकी कशापायी? दुश्मनाला पाठ दावून फुगडी खेळतंय गाढव! वीस जणांनी घेरलाय, आन् एकोणीस जण उभं, रेशनच्या रांगंत उभं ऱ्हाईल्यागत."

"आवं, मग बघू नका की," शालूबाई स्वयंपाकघरातून म्हणायची. "रोज बघायचं आन् रोज जळायचं."

बायकोनं अचूक शब्द काढला होता. जळणंच होतं ते. कारण शेवटी नावांची यादी सरकायची आणि त्यात फाइट मास्टर म्हणून धनाजीचं नाव यायचं. तेवढं नाव वाचायलाच मानसिंग यादी संपेपर्यंत बसून राहायचा.

धनाजी त्याचा तालमीतला जोडीदार. हरिबा वस्तादांच्या हाताखाली दोघं एकाच दिवशी मर्दानी खेळ शिकायला लागले. लाठी, पट्टा, तलवार, सगळं बरोबरीनं. पुढं मानसिंग फौजेत गेला, हवालदार होऊन परतला, पण फौजेत असतानाही जत्रेला सुट्टी काढून यायचा आणि मैदानात धनाजीला लोळवून जायचा. चाळीस वर्षांत धनाजी एकदाही जिंकला नव्हता. एकदाही! सांगलीच्या विश्रामबागेत टेम्पो चालवणारा हा गडी, वाईला शूटिंगसाठी ढाली-तलवारी पोचवायला काय गेला आणि तिथंच काय चिकटला. आता तो गावात आला की पोरीबाळी फोटोला झोंबायच्या, सरपंच हार घालायचे. मानसिंगच्या गळ्यात कुणी साधं फूल घातलं नव्हतं. आपण जिंकायचं आणि नाव याचं व्हायचं, हा कुठला न्याय? या एका विचारानं त्याचं जेवणावरून मन उडायचं.

अशात एके दिवशी धनाजीचाच फोन आला. "गड्या, लढाईत एक म्हातारा सरदार पायजे. नट ढीगभर मिळत्यात रं, पर तलवार धरल्याली खरी वाटंल असा हात मिळंना. येतोस का?"

मानसिंगनं भाव खायचा म्हणून दोन दिवस कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. मनात एकच होतं, सगळ्या जिल्ह्याला दिसू दे एकदा, खरा कोण ते.

वाईजवळच्या माळावर लाकडी किल्ला उभारला होता. दिग्दर्शक शौनक, सांगलीचाच, चष्म्यातला सभ्य मुलगा. त्यानं मानसिंगला अॅल्युमिनियमची बोथट तलवार दिली आणि म्हणाला, "काका, आधी तुमच्या पद्धतीनं दाखवा."

समोर धनाजी उभा राहिला. मानसिंगनं एक पाऊल टाकलं आणि दुसऱ्या क्षणी त्याची तलवार धनाजीच्या मानेपासून बोटभर अंतरावर थांबली. संपली लढाई. त्यानं ऐटीत भोवती बघितलं.

"झालं?" कॅमेरावाला म्हणाला. "मला काही दिसलंच नाही हो."

सगळे हसले. शौनक समजावत म्हणाला, "खरं असंच असेल काका. पण घरी बसलेल्या माणसाला कोण मेलं ते कळायला हवं ना?"

मानसिंगचं तोंड एवढंसं झालं. मग धनाजीनं सहा वारांची लढाई बसवली. प्रत्येक वाराला आकडा. आकडा मोठ्यानं म्हणायचा, वार अंगाच्या वीतभर बाजूनं न्यायचा, आणि समोरच्यानं तो लागल्यासारखा झेलायचा. नटाला उभं करण्याआधी आपण स्वतः तलवारीसमोर उभं राहायचं, ही धनाजीची पद्धत. तो हळूहळू फिरून दाखवायला लागला तसे दिवे लावणारे थांबले, वेणीफणी करणाऱ्या बाया थांबल्या. काय मनगट फिरत होतं त्याचं! वार कुठून निघाला, कुठं गेला, आंधळ्यालाही कळावं. सोंग होतं सगळं, पण बघताना मानसिंगलाही ते खरं वाटलं.

धनाजी वाईट असता तर त्यानं सोसलं असतं. धनाजी चांगला होता, लय चांगला होता. तालमीत मागं राहिलेल्या त्या हातातून हे आलं कुठून? मानसिंग आतून नुसता जळायला लागला.

"चल मानसिंगा, आता दोघं मिळून," धनाजी म्हणाला. "एक."

एक झाला, दोन झाला, तीन झाला. चौथ्या वाराला धनाजीनं तलवार डोक्यावर उचलायची आणि मानसिंगनं त्या पात्यावर मारायचं, असं ठरलेलं. धनाजीनं तलवार उचलली. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर होत्या. मानसिंगची पण. आणि पातं सोडून त्यानं त्या हातावरच सपकन मारलं.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. धनाजी मनगट धरून खाली बसला.

"सवयीनं गेला रं हात!" सगळ्यांच्या आधी मानसिंगच ओरडला. "तालमीची सवय. जागा रिकामी दिसली की हात जातोय!"

धावपळ झाली. डॉक्टरांनी तंबूत येऊन हात फळीला बांधला, आणि दीड महिना तलवार धरायची नाही म्हणून सांगितलं. शौनक रडकुंडीला आला. "मास्टर, लढाई परवा आहे. बसवणार कोण?"

"ह्यो हाय की," धनाजी मानसिंगकडं मान करून म्हणाला. "माझ्यापेक्षा भारी हाय. चूक माझीच हुती, मी अंतर जास्त ठेवाय पायजे हुतं. नाव बी त्याचंच टाका."

शौनकनं सुटकेचा श्वास सोडला, मानसिंगचा हात हातात घेऊन दाबला आणि बाकीच्यांना सांगायला बाहेर पळाला. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं आयतं पदरात पडलं होतं. तंबूत दोघंच उरले.

"लय दुखतंय का रं?" मानसिंगनं विचारलं.

"दुखतंय की." धनाजी बारीक आवाजात म्हणाला, "चाळीस वर्सं तुझा मार खाल्लाय मी. डोक्यावर खाल्लाय, खांद्यावर खाल्लाय, बरगडीत खाल्लाय. हातावर तू कवाच मारलं न्हाईस, मानसिंगा. तुझी सवय माझ्याइतकी कुणाला ठावं हाय?"

मानसिंगला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एवढं कळूनही या माणसानं चारचौघांत आपली चूक म्हणून सांगितलं, हे आठवून तो पुन्हा तसाच जळायला लागला. एवढं मोठं मन तरी ह्यालाच का मिळावं?