बाहेरची बाई

त्या दिवशी सकाळी कापसातली सरकी काढायच्या यंत्रात, रेच्यात, एका बाईचा उजवा हात गेला. दुपारी दवाखान्याची चिठ्ठी ठाण्यात आली आणि मी रोजनामच्यात नोंद केली. इतकी वर्षं झाली, तरी ते प्रकरण मनातून पुरतं गेलेलं नाही.

वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी देवळीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत कापसाचं एक जीन होतं. तिथे बाया रेच्यात कापूस टाकत आणि सरकी वेगळी होई. अपघाताच्या चौकशीत मी जीनच्या दिवाणजींचा जबाब घेतला. ते म्हणाले, "बाई आमच्या कामावर नव्हती. सरकी वेचायला आत शिरली." हजेरीपुस्तक त्यांनी दाखवलं. त्यात तिचं नाव नव्हतं. मी 'बाहेरची बाई' असं लिहून कागद मिटवला.

तीन आठवड्यांनी दिवाणजी स्वतः ठाण्यात आले. त्याच बाईने जीनचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला चोरला आणि घरात पिठाच्या मडक्यात लपवला, अशी पक्की खबर त्यांच्यापाशी होती. त्यांना चोरीची रपट द्यायची होती.

आमचे मुन्शी, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारे हवालदार, तोंडाने जरा तिखट होते. "पितळेच्या तुकड्यासाठी तुमी खुद्द आले, दिवाणजी? जीन बंद हाय का आज?"

"शिस्तीचा प्रश्न आहे. अन् पुढल्या हप्त्यात नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन राह्यला. त्याच्या आधी वस्तू हातात पाहिजे."

मुन्शींनी नेहमीचे प्रश्न विचारून उत्तरं लिहिली. दिवाणजी घाईत होते. मी घाईत नव्हतो, तरीही नीट न वाचता सही केली.

बाईचं गाव दोन कोसांवर होतं. घरातली मंडळी आदल्या वर्षी बौद्ध झालेली. ती भिंतीला टेकून बसली होती, हाताला कोपरापर्यंत पट्टी. मी उभ्यानेच विचारलं, "बिल्ला कुठे आहे?"

"हाय माह्यापाशी. चोरला नाई."

"मग परत का करत नाहीस?"

"परत देल्ला त मी कोन, साहेब? हजेरीत माह्यं नाव नाई म्हन्ते. दवाखान्यात बाहेरची सांगतली. मंग त्यायचा नंबर तीन हंगाम माह्या गळ्यात काऊन होता?"

मी आवाज चढवला. चोरीला कैद होते, असं बजावलं. असा आवाज काढला की माणसं सहसा खाली पाहतात. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"न्या मंग. जेलात तरी नाव लिवतेत."

मग तिनेच मडक्यात डावा हात घालून बिल्ला काढला आणि पीठ झटकलं. "घ्या. पन हा माह्या घरातून नेला, असा कागद करा."

खरं सांगायचं तर बिल्ला खिशात टाकून जाता जाता दिवाणजींना द्यायचा, असंच माझ्या मनात होतं. तिने कागद मागितला म्हणून मी गावातले दोन पंच बोलावले आणि रीतसर जप्ती पंचनामा केला. तिचा डाव्या हाताचा अंगठा घेतला.

ठाण्यात परतून कागद लावताना मी रपट पहिल्यांदा अखेरपर्यंत वाचली. 'वस्तू आरोपीच्या ताब्यात कशी आली?' या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'आमच्या जीनमध्ये मजूर म्हणून ठेवताना दिली.' खाली दिवाणजींची सही होती.

"मुन्शीजी, हे त्यांनीच सांगितलं?"

"अक्षरशः. माह्या मनचं मी काही लिवत नाई साहेब, मले पेन्शन पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दिवाणजी बिल्ला मागायला आले. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, असं सांगून मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी रपट हातात घेऊन ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाले, "एकच ओळ आहे. खोडून टाका."

रपटबुकाला पाननंबर असतात आणि नक्कल मॅजिस्ट्रेटकडे गेली होती. मी नकार दिला. उठताना ते म्हणाले, "समुद्रपूरकडे कापूस छान होतो म्हणे. पाहून या एखादवेळी."

त्यानंतरचे दिवस धास्तीत गेले. वरून 'आपसात मिटवा' असा निरोप आला. डाकवाला दिसला की मी आधी पाकिटावरचा शिक्का पाहत असे. घरी सांगितलं, तेव्हा पत्नी म्हणाली, "बदली तर बदली. आपलं सामान ते किती!" तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. हे लिहिताना त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो.

त्याच दिवसांत एका वकिलांकडून कारखान्यांचा आणि कामगार भरपाईचा कायदा आणून वाचला. मजुराचं नाव पुस्तकात लिहिणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने लिहिलं नाही, म्हणून मजूर बाहेरचा ठरत नाही. एवढी साधी गोष्ट मला वर्दीत इतकी वर्षं काढूनही ठाऊक नव्हती.

इन्स्पेक्टर आले, तेव्हा दिवाणजींचा जबाब, रपट आणि पंचनामा असे तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. चोरीचा खटला कोर्टात टिकला नाही. भरपाईच्या अधिकाऱ्यांनी ती जीनची मजूर असल्याचं मान्य केलं. माझी बदलीही झालीच.

पुढे कुठेही कामावरच्या अपघाताची चिठ्ठी आली, की मालकाचं पुस्तक पाहण्याआधी मी सोबत काम करणाऱ्यांना विचारत असे, हा माणूस इथे कधीपासून आहे? मजुरांना सांगत असे, कामावर असल्याची खूण जपून ठेवा, मागितली तर पावतीशिवाय देऊ नका. मालकांना सांगत असे, नाव पहिल्याच दिवशी लिहा.

पण त्या बाईच्या आधी, त्याच ठाण्यात, त्याच जीनमधल्या दोन मृत्यूंच्या नोंदीत मी 'बाहेरचा इसम' असं लिहिलं होतं. ते कोण होते, हे मी कोणालाच विचारलं नाही. आता विचारायचं झालं, तरी सांगणारं कोणी उरलेलं नाही. माझ्या अक्षरातल्या त्या दोन नोंदी तशाच आहेत.