डाव्या बाजूचा शेक

ऑपरेशन करून घरी आले आणि आईनं माझं बाळंतपण सुरू केलं. बाळ नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी तेव्हा पुण्यात कॉलेजला होती आणि मी सेहेचाळिशीला टेकले होते. पण छातीला पट्टे बांधून पलंगावर पडलेली बाई म्हटली की आईला पथ्यपाणी एकच ठाऊक. कानाला फडकं, डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी आणि शेक. येतानाच तिनं लोखंडी शेगडी आणली होती. हुडकेश्वरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तिनं कोळसे पेटवले तशा खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या, काही जळतंय का ते विचारायला.

"बाळंतीण हाय घरात," आई म्हणाली.

त्या बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खाली गेल्या.

स्तन लहान करण्याचं ऑपरेशन होतं ते. एवढं सरळ वाक्य तोंडातून निघायला मला बरेच महिने लागले. शाळेत मी पाठीचं ऑपरेशन सांगून रजा घेतली, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मी भूगोल शिकवते, अधूनमधून मराठीही. हात वर करून फळ्यावर नकाशा काढायचा म्हणजे मान आणि खांदे बोंबा मारायचे. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पाडल्या होत्या, त्यात माझं बोट बसायचं. शिवाय मे महिन्यात त्या वजनाखाली घाम, घामोळं आणि सोलवटलेली कातडी यांचा जो काही संसार चालायचा, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

"देवानं देल्लं ते कापाले काहून चालली वं?" आईनं विचारलं होतं.

"देवानं एकटीच्या अंगावर दोघींचं देल्लं. एकीचं वापस करून राहिली," मी म्हटलं. आईशी बोलताना माझी शाळेतली मराठी आपोआप गळून पडते.

डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. दुखणं जाईल, पण स्तनाग्रांची जाणीव कमी होऊ शकते, कधी पूर्ण जाते, कधी उलट नको इतकी वाढते. बहुतेकींची परत येते, पण वेळ लागतो. नाहीच आली तर? मी विचारलं. नाहीच आली तर नाही, त्या म्हणाल्या. मला त्यांचा हा रोखठोकपणा आवडला. मान इतकी ठणकत होती की मी हसून म्हणाले, जाऊ द्या हो, या वयात ती लागते कुणाला.

बोलायला काय जातं!

मान खरंच मोकळी झाली. खांद्यांवरचं ओझं उतरणं हा वाक्प्रचार मी जन्मभर मुलांच्या निबंधांत तपासत आले, त्याचा अर्थ तेव्हा कळला. टाके भरले, सूज ओसरली. मग उजवीकडे झिणझिण्या सुरू झाल्या. गाऊनची शिवण घासली तरी झटका बसल्यागत व्हायचं, पांघरूण नकोसं वाटायचं. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, नसा जाग्या होतायत. हळूहळू ते निवळलं आणि उजवी बाजू जवळजवळ पूर्वीसारखी झाली.

डावीकडे काहीच नाही. हात लावला की हाताला कळायचं, छातीला नाही. शेजारणीच्या अंगाला चुकून हात लागावा तसं. रोज अंघोळीला मी परीक्षा घ्यायची. गार पाणी, कोमट पाणी, टॉवेलची खरखर, कंगव्याचे दात. दिसायला म्हणाल तर झकास, कधी नव्हे ते आरशात स्वतःकडे पाहावंसं वाटत होतं. पण बादलीच्या कडेला टेकून मी रडायची. मला ते हवं होतं. पांढऱ्या केसांसकट, या वयात, मला ते हवं होतं, आणि हे कबूल करायला बाथरूमखेरीज दुसरी जागा नव्हती.

नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तो रेल्वेत आहे, बोलायला काटकसरी. ऑपरेशनपासून, मला दुखेल म्हणून, तो पलंगाच्या पार काठावर झोपायला लागला होता. "तुले दुखन," एवढंच म्हणायचा. मला वाटायचं, उद्या यानं हात लावला आणि मला कळलाच नाही, आणि मला कळलं नाही हे याला कळलं, तर? लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता हे एक झालं.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा आई पुन्हा शेगडी घेऊन हजर. छातीला गरम काही लावायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. म्हणून आई फक्त पाठ आणि कंबर शेकायची. एका दुपारी डावी काख आणि तिच्या आजूबाजूचा भाग आखडून आला होता. मीच म्हटलं, "थोडं इकडंबी शेक ना वं." डॉक्टरांचं सांगणं आठवत नव्हतं असं नाही, पण आईचा शेक म्हणजे काही औषध नव्हे, त्याला डॉक्टरांची मनाई लागू नाही, असा आमच्या घरचा समज.

आईनं जुन्या लुगड्याची घडी निखाऱ्यांवर धरली, मग स्वतःच्या तळहातावर ठेवून पाहिली. "बराबर हाय," म्हणाली आणि काखेपासून पार छातीवर घडी ठेवली.

"चटका लागते का?"

"नाई."

"दाबू?"

"दाब."

तिनं दाबली. पुन्हा तापवली, पुन्हा हातावर पाहिली, पुन्हा दाबली. मी डोळे मिटून पडले होते. बरं वाटत होतं, म्हणजे आई जवळ बसली होती म्हणून बरं वाटत होतं. संध्याकाळी कपडे बदलताना पाहिलं तर स्तनाग्राच्या कडेला टपोरा फोड आला होता.

डॉक्टरबाई चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. जिथे जाणीव नाही तिथे शेकायचं कसं, असं त्या मला विचारत होत्या आणि मी वर्गात न केलेल्या गृहपाठाबद्दल उभ्या राहिलेल्या पोरीसारखी खाली पाहत होते. वरचीच कातडी भाजली होती, मलमानं बरी होण्यासारखी. परतताना ऑटोवाल्यानं लांबचा रस्ता धरला, तरी आई बाहेरच पाहत राहिली. एरवी ती ऑटोवाल्याला रस्ता सांगितल्याशिवाय राहत नाही.

घरी आल्यावर ती खाली बसली, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून.

"तुले खरंच समजलं नाई?"

"नाई. तिकडं काहीच समजत नाई मले, आई. ऑपरेशन झाल्यापासून."

डॉक्टरांखेरीज हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. मला वाटलं, आता देवानं दिलेलं कापण्यावर ऐकून घ्यावं लागणार. पण ती स्वतःच्या हातांकडेच पाहत होती.

"मलेबी नाई समजलं," ती म्हणाली. "हातावर ठेवून पायलं ना मीनं. माह्या हाताले कुठं काय समजते वं?"

आईचं माहेर उमरेडचं, विणकरांचं, आणि सासरही तसलंच. माग बंद पडून वडील दुकानात कामाला लागले, तोवर निम्मं आयुष्य तिनं रंगाच्या उकळत्या घंगाळातून सुताच्या लडी काढून पिळल्या होत्या. तिचे तळहात जाड आणि गुळगुळीत आहेत, तव्यावरची पोळी ती नुसत्या हातानं उलटते. आम्ही ते कौतुकानं लोकांना सांगायचो.

"तुम्ही लहान होते तं ताप मीनं कधी हातानं नाई पायला," ती म्हणाली. "गाल लावून पायत होती. हातानं समजतच नव्हतं. तुह्यं अंग कसं मऊ होतं ते मले गालानंच मालूम हाय."

मला लख्ख आठवलं. ताप असो नसो, आई वाकून कपाळाला गाल लावायची. मी आजवर ते लाड समजत होते. आणि झोपवताना तीच आई पाठीवरून हात फिरवायची, कितीतरी वेळ. त्या हाताला माझी पाठ कळत नव्हती. मला मात्र तो हात कळत होता, आणि त्याच्याखेरीज झोप येत नव्हती.

आईनं उठून शेगडीतली राख कुंड्यांत टाकली आणि शेगडी बांधून ठेवली.

फोड वाळला. डावी बाजू अजून जागी झालेली नाही. काखेकडच्या कडेला गार पाणी लागलेलं कळतं, पुढे काही नाही. आता फार आशा धरू नका, असं डॉक्टर गेल्या खेपेला म्हणाल्या. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मान मात्र दुखत नाही, आणि पुन्हा विचारलं तर ऑपरेशन मी पुन्हाही करीन.

फोड वाळत होता तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार, आई देवळात गेलेली. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पेपर बाजूला ठेवला.

"म्हंजे तिकडं हात लावला तं तुले समजनच नाही?"

"नाही."

मग लहान मुलाला शब्द द्यावा तसा म्हणाला, "मंग नाही लावत तिकडं. कधीच नाही."

किती प्रेमानं म्हणाला तो. आणि मला असा संताप आला!

"लावा," मी म्हटलं. "मला नाही कळलं तर काय झालं? तुम्हाला तर कळतं ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फोडाची जागा सांभाळून, बिचकत, हात ठेवला. एरवी मी डोळे मिटते. या वेळी उघडे ठेवले, कारण हात आहे हे मला तेवढ्यानंच कळणार होतं. तो हलला नाही, मीही हलले नाही.

"कसं लागते?" मी विचारलं. घरच्या भाषेत, आईशी बोलावं तसं.

"ऊन ऊन लागून राहिलं वं," तो म्हणाला.