काकांच्या पार्ट्या आणि बुवांची खानावळ

कापडाच्या धंद्यात माल येतो आणि जातो, पण झालेली फजिती कुणी विकत घेत नाही. ती पेढीवरच साठत राहते. एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका पेढीवर पत्रं लिहायला होतो. मालकांना आम्ही काका म्हणायचो. विणकरांकडून साड्या घ्यायच्या आणि परगावच्या व्यापाऱ्यांना द्यायच्या, हा धंदा. असं परगावचं गिऱ्हाईक म्हणजे पार्टी; ती आली की तिला जेवू घालायला हवं. काकांच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून सगळे निघायचे ते बुवांच्या खानावळीत. आता त्या जेवणांचं हसू येतं. हसून झालं की मात्र बरं वाटत नाही.

*

नागपूरची पार्टी होती. सकाळीच निरोप दिला होता, पाच पानं, जिलबीसुद्धा. आम्ही जाऊन पाटावर बसलो. पानं मांडली होती. त्यांवर मीठ, लिंबू, चटणी. त्यानंतर काहीच येईना. पाहुण्यांनी अर्धी चटणी बोटानं संपवली, मग लिंबाची फोड चोखली. बुवा दारात सुपारी कातरत बसलेले. काकांनी हळूच विचारलं, भाताचं कुठवर आलंय?

बुवांनी अडकित्त्यावरची नजर काढली नाही. "शिजतोय. भात काय तुमचा नोकर आहे, सांगितलं की शिजायला?"

भात आला तेव्हा पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाली होती. चार घास खाऊन ते स्टेशनकडे पळाले. त्या वर्षी नागपूरची ऑर्डर शेजारच्या पेढीला गेली.

*

पुण्याच्या एका मिलचे एजंट आले. सूट-बूट, त्यातून गुडघा दुखरा. त्यांना खाली बसता येईना म्हणून आम्ही पेढीवरचं माझं टेबल हातगाडीवरून खानावळीत नेलं. वाढपी इरप्पा. त्याला जन्मभर वाकून वाढायची सवय. उभ्यानं आमटी वाढताना त्याचा अंदाज चुकला आणि वाटीभर आमटी साहेबांच्या कोटावर गेली.

काका माफी मागत होते, मी धोतराच्या सोग्यानं कोट पुसत होतो. एवढ्यात बुवा आले, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मांडी घालून बसले असते तर आमटी पानात पडली असती."

*

हा किस्सा काका कधीच कुणाला सांगत नसत. हुबळीचे एक म्हातारे व्यापारी आले होते. लाल साड्यांचा एक गठ्ठा त्यांना द्यायचा होता आणि त्याचा रंग पहिल्या धुण्यात जात होता. जेवताना काकांनी माझ्या कानात सांगितलं, रंगाचं काही बोलू नकोस. इरप्पा तेव्हा आमच्यामागे सार घेऊन उभा होता. तो अक्कलकोटच्या पलीकडचा, घरची भाषा कानडी. पाहुणा आपल्या भाषेतला भेटला म्हणून तो हरखून गेला होता. सार वाढता वाढता त्यानं रंगाचं ते कानडीत सांगून टाकलं.

म्हाताऱ्यांनी हातातला घास पानात ठेवला, शांतपणे हात धुतला आणि ते निघून गेले. काका तावातावानं बुवांकडे गेले. असला वाढपी ठेवता कशाला, म्हणून बोलू लागले. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "इरप्पा खोटं बोलला का?"

काका परत पाटावर येऊन बसले. जेवले मात्र नाहीत.

*

दुसरीकडं का जात नाही, असं मी काकांना एकदा विचारलं होतं. तेव्हा कळलं. काका मंगळवेढ्याहून एकटेच सोलापुरात आले, तेव्हा त्यांना टायफॉईड झाला. एकवीस दिवस बुवांनी स्वतः तांब्यातून पेज नेऊन त्यांना पाजली होती. "त्येंची जीभ वाईट हाय, हात न्हाय," काका म्हणाले.

*

आणि मग इंदूरची पार्टी आली. मोठं दुकान; मालक आणि त्यांचे मुनीम असे दोघे आले. त्या मालकांनी मल्लय्याच्या साडीचा रुईफुलांचा काठ भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, हे विणणाऱ्याला मला भेटायचंय. मल्लय्या आमचा सगळ्यांत जुना विणकर, साठीचा, घरी तेलुगू बोलणारा. काकांनी त्यालाही जेवायला बोलावलं. तो धुतलेलं धोतर आणि कोट घालून आला.

पाहुणे आत गेले. मल्लय्या उंबऱ्याशी आला तेव्हा बुवांनी काकांना बाजूला घेतलं. हे कोण, विचारलं. विणकर म्हटल्यावर म्हणाले, यांचं पान मागच्या पडवीत मांडतो. त्या दिवशी बुवा जराही उर्मट बोलले नाहीत.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आपण सगळेच परत जाऊ, एवढं मी म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता. मी खाली चपलांकडे पाहत राहिलो. "चालतंय की," मल्लय्याच म्हणाला आणि मागे गेला.

आत सगळं वेळेवर आलं. भात वाफाळता, तूप सढळ, जिलबी कुरकुरीत. इरप्पानं एक थेंब सांडला नाही. विणकर कुठं आहेत, असं पाहुण्यांनी विचारलं. बाहेर निवांत जेवतायत, असं काका म्हणाले.  ते ऐकून पाहुणे बोटांनी भात इकडून तिकडे सारत राहिले. आम्हीही.

ऑर्डर मिळाली. एवढी मोठी ऑर्डर पेढीला कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी मल्लय्याच्या घरी गेलो. तो मागावर बसला होता. काका उभ्यानंच म्हणाले, "काल चुकलं माझं."

मल्लय्यानं हातातला धोटा थांबवला. "मला वाढलं एकदाच. तेवढं खाल्लं, पान स्वच्छ केलं," तो म्हणाला. "पडवीत गाय बांदली हुती. तुमची पानं तिच्या म्होरं आणून टाकली. चारी भरलेली हुती."

त्यानं तुटलेला धागा शोधून गाठ मारली.

"अन्न टाकू न्हाई, काका."