आईचं माप आणि सीलबंद बाटली
आंब्याच्या बाटलीबंद सरबताचा गोडमिट्ट वास आला की मला नेकनूरचं ते किराणा दुकान आठवतं. दुकानदाराला मी मामा म्हणायचे. आमचं दूध रोज त्यांच्याच घरी जायचं, आणि माप भरलं तरी वरची धार घेतल्याशिवाय ते आईला सोडत नसत. एका उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी त्यांच्याकडून सरबताची लिटरची बाटली आणली. आईला ती कमी भरलेली वाटली, म्हणून तिनं सील फोडून सगळं दुधाच्या लिटरच्या मापात ओतलं. माप चांगलं दोन बोटं रितं राहिलं. मी ते माप तसंच धरून भर उन्हात दुकानात गेले, तर मामा गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाले, "वाटंत किती पिलीस, ते सांग की आधी!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना दूध घातलं, वरच्या धारेसकट. मी चिडून कारण विचारलं, "कावून गं?" ती म्हणाली, "दुसरं गिऱ्हाईक कुठं हाय?" आता मी बाटली दुसरीच्या शेजारी धरून बघते, कमी दिसली तर सील न फोडता, बिल जोडून वजनमापे कार्यालयात तक्रार देते. आणि दुकानदार कितीही गोड बोलला, तरी त्याला मामा म्हणत नाही.