गाडीखालची परात

परवा फोनवर तू म्हणालास की तुझ्या गाडीखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो. गॅरेजवाला नवं पॅकिंग घालून देतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मागे तुझी बहीण हसत होती. फोनवर सांगण्याइतकी ही गोष्ट लहान नाही, म्हणून दोघांसाठी लिहून पाठवते. पॅकिंगचा दोष बहुधा नसतो. हे मी अंदाजाने सांगत नाही. असल्याच तेलापायी मी लग्नानंतरची काही वर्षं माझ्या थोरल्या जावेवर जळत काढली आहेत.

तुमचे आजोबा अमरावतीला कॉलेजात गणित शिकवायचे. पन्नास सालानंतर, घर जरा मार्गी लागल्यावर, त्यांनी एका डॉक्टरांची जुनी विलायती गाडी घेतली. त्या गाडीच्या इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण होतं. त्याला सगळे टॅपेट कव्हर म्हणत. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पातळ पट्टी, ते पॅकिंग, आणि झाकणाच्या कडेने बोल्ट. आतलं तेल आत ठेवायचं एवढंच त्या पॅकिंगचं काम, आणि आमच्या गाडीत तेच होत नव्हतं. तेल कडेने झिरपायचं, खालच्या तापलेल्या नळीवर पडायचं आणि गाडीत जळका वास भरायचा. गाडी उभी केली की खाली काळा डाग.

अकोल्याला आजोबांचे थोरले भाऊ राहत. ते माझे भासरे, आणि त्यांची बायको माझी जाऊ. जाऊबाईंच्या माहेरी सरकी काढायचा जिन होता, शेजारीच रुईच्या गाठी बांधायचा प्रेस. लहानपणापासून त्या इंजिनांच्या आवाजात वाढलेल्या. चौथीनंतर शाळा सोडली, पण पाना हातात घेतला की त्यांना कोणी शिकवावं लागत नसे. रंगाने सावळ्या, उंच, आवाज असा की फाटकाबाहेरच्या माणसाने वळून पाहावं.

आमची गाडी फाटकातून आत आली की जाऊबाई आधी परात आणायच्या आणि मग पाणी. पितळेची जुनी परात, कणीक मळायच्या कामातून निघालेली. ती गाडीखाली सरकवायच्या, कारण अंगणात शहाबादी फरशी होती.

"या भाऊजी. आणलं का तुमचं लेकरू बिना लंगोटीचं?"

"हसा तुम्ही. मागच्या खेपेला पॅकिंग तुम्हीच बसवलं होतं, वहिनी."

"बसवलं म्या. पन आवळलं तुमी. हात हायेत का शेवया?"

मग दोघं बॉनेट उघडायचे. बॉनेट वर धरणारी दांडी ढिली होती, म्हणून एकाने ती धरून उभं राहावं लागे. "वहिनी, इथं धरा," असं आजोबा म्हणायचे. जाऊबाई एका हाताने दांडी धरायच्या, दुसऱ्या हाताने बोल्टला पाना लावायच्या, आणि दोघांची डोकी इंजिनावर वाकलेली असायची. अर्धा अर्धा तास. काय बोलत असत कोण जाणे, मधेच हसायचे.

मी हे सगळं माजघराच्या खिडकीतून पाहायची. भासरे ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत आणि धाकट्या सुनेने त्यांच्यासमोर अंगणात जायचं नाही, अशी त्या घरची रीत. डोक्यावरून पदर घ्यायचा आणि आत राहायचं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली होते. पाटोडीचा रस्सा ढवळत मी त्या खिडकीतून त्या दोन डोक्यांकडे बघत असे आणि रस्सा तळाला लागत असे.

एकदा आम्ही सगळे पातूरची लेणी पाहायला निघालो. भासरे पुढे बसले, मी आणि जाऊबाई मागे. गाव यायच्या आधीच धूर झाला. आजोबांनी गाडी कडेला घेतली. जाऊबाईंनी पदर खोचला, पिशवीतून पाना काढला आणि उतरल्या. पुढे भासरे बसलेले, म्हणून मी डबा मांडीवर घेऊन तशीच मागे बसून राहिले. उघड्या बॉनेटमुळे काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"आवळा अजून."

"पुरे ना वहिनी?"

"काहाचं पुरे? गाठ ढिली राह्यली त उकलते, भाऊजी. आमच्या प्रेसमंदी मानसं लटकत दांड्याले."

आजोबा आवळत होते आणि हसत होते. घरी असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अमरावतीला, राजापेठेत आमच्या घरासमोर, मी एकदा बॉनेटजवळ गेले होते. "साडी खराब होईल," ते म्हणाले.

"वहिनींची होत नाही?"

"त्यांना सवय आहे."

सवय. म्हणजे ती मला कधी लागायचीच नव्हती. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा मला म्हणावं, इथं धर. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. तेव्हा मला त्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

मग एका रविवारी आवळता आवळता बोल्ट तुटला. आजोबांनी झाकण काढलं, मागच्या ओसरीवर ठेवलं आणि बोल्ट शोधायला बाजारात गेले. ते तेलकट झाकण मला डोळ्यांसमोर नको होतं. मी रॉकेलच्या फडक्याने पुसलं, साबणाने धुतलं आणि निथळायला स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत कडाप्प्यावर पालथं घातलं. ते डुगडुगलं. मी एक कोपरा दाबला तर दुसरा वर आला. खाली वाकून पाहिलं. प्रत्येक बोल्टाच्या भोकापाशी कड कडाप्प्याला टेकलेली, आणि दोन भोकांच्या मधे फट. फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

अंगाला घट्ट झालेल्या ब्लाऊजचं असंच होतं. हुकापाशी कापड जुळतं आणि दोन हुकांच्या मधे तोंड उघडतं.

गाडीबरोबर इंग्रजीतलं एक माहितीपुस्तक आलं होतं. ते ट्रंकेत तळाशी पडलेलं. कोणी उघडलेलं नव्हतं, कारण अकोल्याला विचारायची सोय होती. मी ते काढून वाचलं. आजोबा बोल्ट घेऊन परत आले तेव्हा मी झाकण कडाप्प्यावर डुगडुगवून दाखवलं.

"हे तुम्ही आणि वहिनींनी मिळून वाकवलंय."

हे वाक्य मी मनात आधी दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"वहिनी म्हणाल्या की—"

"वहिनींनी रुईच्या गाठी बांधताना पाहिलंय. ही गाठ नाही, पत्रा आहे. इथं लिहिलंय, पॅकिंग नुसतं धरलं जाईल इतकंच आवळायचं. बोटांनी आधी, मग पान्याने थोडं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने."

"वाच पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यांनी वाकून फट पाहिली. मग म्हणाले, "कड ठोकून सरळ करता येईल. पण बोल्टाखालचा चकतीसारखा वायसर एवढासा. त्याच्याखाली पत्रा पुन्हा दबेल."

मी आत जाऊन माझा एक ब्लाऊज आणला आणि त्यांच्या हातात दिला. हुकांच्या मागे शिंपी जाड कापडाची पट्टी शिवतो. एका हुकाची ओढ त्यामुळे सगळीकडे वाटली जाते, मधलं तोंड उघडत नाही. गणिताचे प्राध्यापक ओसरीवर ब्लाऊज उलटासुलटा करत उभे होते. शेजारीण विहिरीवरून पाहत होती.

"म्हणजे वायसरच्या जागी लोखंडी पट्टी," ते म्हणाले.

राजापेठेतल्या एका फिटरकडून त्यांनी जाड पट्ट्या कापून घेतल्या, भोकं पाडून, प्रत्येक पट्टी दोन बोल्टांवर बसेल अशा. जुन्या बोल्टांचे आटे झिजले होते, ते सगळेच नवे घेतले. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू सरळ केली. कडाप्प्यावर डुगडुगणं थांबेपर्यंत मी ते मान्य केलं नाही. बुचाचं नवं पॅकिंग आमच्या उन्हाळ्यात वाळून आकसायचं आणि भोकं जुळायची नाहीत, म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं. मग सुकवून लाखेने चिकटवलं, फक्त झाकणाच्या बाजूने. इंजिनाच्या बाजूने काही लावायचं नाही, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना ते फाटत नाही. तुझ्या गॅरेजवाल्याला एवढं सांग.

बसवायच्या वेळी मात्र फिटर आला होता. बॉनेटची दांडी त्याने धरली. मी दारात उभी राहून पुस्तकातला क्रम वाचत होते.

पुढच्या खेपेला आम्ही अकोल्याला गेलो. जाऊबाईंनी परात आणली, गाडीखाली सरकवली. जेवणं झाली. मी मुद्दाम खिडकीपाशी विड्याची पानं लावत बसले. जाऊबाई आपणहून अंगणात गेल्या, परात ओढून पाहिली, मग बॉनेट उघडून झाकणाच्या कडेने बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं.

"कोनं केलं हे?"

"हिनं," आजोबा म्हणाले. "ब्लाऊज दाखवून."

मला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू.

जाऊबाईंनी पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. "बेस केलं," त्या म्हणाल्या. मग बॉनेट लावता लावता म्हणाल्या, "मंग आता तुमी कायले येसान अकोल्याले?"

"जेवायला येऊ की, वहिनी."

"जेवाले त समदेच येतात."

ती परात कोरडी होती, तरी त्यांनी घासायच्या भांड्यांत टाकली.

परतताना आम्ही दोघंच होतो. मूर्तिजापूर मागे पडलं. तेव्हा आजोबा म्हणाले, "वहिनींना वाईट वाटलं असेल का गं?"

तेल थांबलं होतं, पण जाऊबाई अजून आमच्या दोघांच्या मधल्या जागेवर बसून होत्या. मी बाहेरचं कापसाचं रान पाहत राहिले. बडनेरा जवळ आलं तेव्हा मी म्हणाले, "गाडी थांबवा."

"काहून?"

"टॅपेट कव्हर पाहायचंय."

"कोरडं आहे. आत्ताच तर पाहिलं अकोल्याला."

"तुम्ही दोघांनी पाहिलं. मी कुठं पाहिलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी कडुनिंबाखाली घेतली. ऊन उतरलं होतं. मी उतरले. रस्त्यावर भासरे नव्हते, पदर खांद्यावरच राहू दिला. आजोबांनी बॉनेट उचललं, दांडी लावली, ती नेहमीसारखी घसरली.

"इथं धर," ते म्हणाले.

मी धरली. दांडी तेलकट होती आणि गरमही. त्यांनी मला हातातलं फडकं दिलं. एक बैलगाडीवाला कासरा ओढून थांबला.

"बिघडली का जी गाडी?"

"नाही बा."

"मंग?"

"हिले पाहाचं होतं," आजोबा म्हणाले.

तो मान हलवत निघून गेला. मी एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने पट्टीच्या कडेने फडकं फिरवलं आणि उलटून पाहिलं. कोरडं. मग पुढच्या बोल्टापाशी. आजोबा शेजारी वाकून उभे होते, त्यांनी घाई केली नाही. मी सगळे बोल्ट एकेक करून पाहिले.