मायाने टाळलेला प्रश्न

गेल्या शनिवारी मी एका पत्रकार मुलीला कॉफीला बोलावलं आणि चक्क तिचीच उलटतपासणी घेतली...

कारण आमची लेक सई. यंदा तिचं हायस्कूल संपतंय आणि तिला जर्नलिझमच करायचंय. दोन ठिकाणी ॲडमिशन मिळाली. एक इथे आमच्या गावात, पिस्कॅटवेला, घराजवळची कमी फीची स्टेट युनिव्हर्सिटी, आणि दुसरं बॉस्टनकडचं लाल विटांचं प्रायव्हेट कॉलेज. ते बघून आल्यापासून बाईसाहेब त्याच कॉलेजच्या स्वेटशर्टमध्ये वावरत होत्या.

तिथली फी ऐकून नवऱ्याने कॅल्क्युलेटरच काढला. कर्ज काढावं लागणार होतं, आणि त्यातलं बरंचसं सईच्याच नावावर. कळवायला आठवडा उरलेला.

मी QA मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात आहे; शंका काढण्याचाच पगार घेते. पण या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पेपर बंद पडतायत म्हणतात, बातम्या AI लिहिणार म्हणतात... मग या डिग्रीचं पुढे होतं काय? आणि आमच्या ऑफिसात दर तिमाहीला लेऑफची कुजबुज असते, तेव्हा IT तरी कुठे सेफ आहे?

महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, ‘ओळखीत कोणी पत्रकार आहे का?’ उत्तरादाखल तीन डेटा सायंटिस्ट आणि एक डेंटिस्ट मिळाले! शेवटी विद्याकाकूंचा फोन आला. त्यांची लेक माया इथेच जन्मलेली, एका लोकल न्यूज साइटवर रिपोर्टर. आणि मुख्य म्हणजे ती त्याच लाल विटांच्या कॉलेजात शिकलेली.

सईलाही बरोबर घेतलं, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चिवड्याचा डबा नेला. माया हसून म्हणाली, “काकू, आय कान्ट टेक गिफ्ट्स फ्रॉम सोर्सेस... पण आज सोर्स मीच आहे ना, सो इट्स ओके.” आणि तिथेच डबा उघडला.

मग मी सुटले. पगार किती, इथपासून सुरुवात. सईने डोळे मिटून घेतले, पण मायाने खरंखुरं सांगितलं. शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगा ती कशा कव्हर करते, रागावलेल्या माणसाला बोलतं कसं करते, हे तर मी तोंडात चिवडा धरून ऐकत राहिले. तिच्या शेजारच्या डेस्कवरचा रिपोर्टर तर बायोलॉजी शिकलाय, म्हणजे ही डिग्री लागतेच असं नाही, हेही कळलं.

शेवटी मुद्द्याचं विचारलं, “एवढी फी वसूल झाली का गं?” ती म्हणाली, प्रोफेसर फार भारी होते, मैत्रिणी जन्माच्या मिळाल्या, इंटर्नशिप तिथूनच लागली. मी समाधानाने पर्स उचलली.

सई मात्र सगळा वेळ गप्प. मला रागच आला होता... पत्रकार व्हायचंय आणि एक प्रश्न नाही?

पार्किंग लॉटमध्ये कारचं दार धरून ती थांबली. “आई, शी डिडन्ट आन्सर यू. फी वसूल झाली का, ते ती बोललीच नाही.” मी म्हटलं, अगं बोलली की. पण सई वळून परत कॅफेत गेलीसुद्धा. मी मागोमाग.

माया लॅपटॉप बॅगेत भरत होती. सईने हळूच विचारलं, “मायाताई, सेम कॉलेज, सेम लोन... वुड यू डू इट अगेन?”

मायाने बॅग परत टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “काम हेच करेन. दॅट कॉलेज... नो.” हप्ते भरायचे म्हणून आधी काही वर्षं तिने एका कंपनीच्या जाहिराती लिहिल्या होत्या. रिपोर्टिंग त्यानंतर. “काकू, आईला नका सांगू हं. ती अजून सगळ्यांना त्या कॉलेजचं कौतुक सांगते.”

घरी येताना सई खिडकीबाहेर बघत होती. उत्तर काय येणार, याचा तिला आधीच अंदाज होता. मी तर खूश होऊन निघालेच होते. ती गप्प बसली असती तर बॉस्टन पक्कं होतं!

संध्याकाळी तिने स्वतःच स्टेटला होकार कळवला. जर्नलिझमलाच.

ही पोस्ट टाकण्याआधी मायाला विचारायचं, अशी सईची सक्त ताकीद होती. माया म्हणाली, “लिहा काकू, आईला मीच सांगितलं.” थँक यू, माया.

ही डिग्री पुढे कामाला येईल का, मला अजूनही माहीत नाही. पण ज्या उत्तराने आपलंच स्वप्न जाणार, तेच विचारायला ही पोरगी उलट पावली परत गेली. तिच्या शिक्षणाला पैसे घालताना आता माझा हात अडखळत नाही.

स्वेटशर्ट ती अजून घालते... घालू दे.