आबांचं पान उघडेपर्यंत

कुसगावात आमचं तिघांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. खिडकी उघडली की ढग आत येतात, थोडा वेळ बसतात, निघून जातात. किस्से मात्र एकदा आले की हलत नाहीत. फॅन पुसायला घेतला तरी दोन सापडतात!

*

वडिवळ्याच्या आबांसाठी आम्ही वेबसाइट केली. गावच्या तांदळाची. प्रत्येक तांदळाखाली पिकवणाऱ्याचं नाव. त्यांची बायको, म्हणजे मावशी, गेल्यापासून आबा एकटेच. ओट्यावर बसून, गावचं धरण बघायला आलेल्यांना फोनवर तांदूळ दाखवायचे. पण पान उघडायला इतका वेळ, की गिऱ्हाईक उठून जाईल याची आम्हाला धास्ती!

ते पान लिहिलेली प्राजक्ता म्हणाली, "मला मधे एक स्वप्न पडून गेलं."

*

दोष आमच्यातल्या तिसऱ्यानं, नितीनदादानं शोधला. पान आधी सगळे तांदूळ आणायचं, मग एकेका नावासाठी पुन्हा डेटाबेसकडे जायचं. शेतकरी तोच असला तरी पुन्हा विचारायचं!

"अगं, बाजारातून मिरची घेऊन घरी येतेस, आणि मग कोथिंबिरीसाठी परत जातेस का?"

"हो," प्राजक्ता म्हणाली. "रस्ता छान आहे."

*

प्राजक्ता घोरावाडीची, पुण्याच्या बऱ्याच अलीकडच्या स्टेशनची. एकदा लोकलनं घरी जाताना ढग बघत बसली. मग पुण्याहून तिनं घरी फोन केला, "आई, आज जरा लांबून येतेय."

*

शेवटी तिनंच दुरुस्ती केली. तांदूळ आणि नावं, सगळं एकाच फेरीत. पान झटक्यात उघडलं! नितीनदादाला खरं वाटेना. तो ते पुन्हा पुन्हा उघडून बघत बसला.

"आता कोण जातंय सारखं कोथिंबिरीला?" प्राजक्ता म्हणाली.

*

काही दिवसांनी आम्ही दोघी आबांकडे गेलो. मोठ्या तोऱ्यात विचारलं, "कसं चाललंय पान?"

"लय ब्येस केलंत," आबा म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. "पर आदी कसं, ते उगडस्तवर मान्सं हितं टेकायची. च्या घ्यायची. कुटनं आलात, घरी कोन कोन, समदं बोलनं व्हायचं. आता बघत्यात अन् उटत्यात."

मला फार वाईट वाटलं.

प्राजक्ता म्हणाली, "आबा, अजून थोडं काम राहिलंय. रविवारी येऊन करते."

तेव्हापासून ती दर रविवारी वडिवळ्याला जाते. परवा नितीनदादानं विचारलंच, "अगं, संपलं का नाही आबांचं काम?"

"एवढ्यात कुठं?" ती म्हणाली. "त्यांच्या गोष्टीत आत्ता कुठं मावशींशी लग्न ठरतंय!"